कोऱ्या पट्टीवर दोन फवारे

शिवणीच्या लाकडावर कृतिका छापायच्या ठशासाठी आजीचा चेहरा कोरत होती. आवडाबाईंनी उभी हयात मिठागरात काढलेली. उन्हाने उमटवलेली एकेक सुरकुती छापात उतरली पाहिजे, असा नातीचा हट्ट. कपाळ झालं, नाक झालं, डावा गालही झाला. उजव्या गालाला मात्र लाकडाची शीर आडवी गेली आणि कोरणी कापायचं सोडून नुसती ओरबाडायला लागली. पाच वाजता ठसा घेऊन डोंबिवलीहून ठाण्याला, वर्तकनगरच्या एका छापखान्यात पोचायचं होतं. तिथे छापल्या जाणाऱ्या चित्रसंग्रहात तिचं एक पान राखून ठेवलेलं. आता अकरा वाजले होते.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? दगडावर धार लावली. फळीला चिकटवलेल्या चामड्याच्या पट्टीवर काळी पेस्ट फासून कोरणी घासली. मग ऑनलाइन मागवलेला, हिऱ्याच्या बारीक पुडीचा महागडा स्प्रे मारून पुन्हा घासली. कोरणी चकाकत होती आणि लाकूड फाटतच होतं.

शेवटी ती चौथ्या मजल्यावरच्या प्रमोदिनीताईंना बोलवायला गेली. ताई तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये होत्या. तपासणीला आलेल्या मांसाच्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काढायचा पोलादी सुरा तिथे त्याच परजायच्या.

ताई भिंग घेऊनच खाली आल्या. कोरणी खिडकीपाशी धरून बराच वेळ बघत राहिल्या.

“स्प्रे तू या काळ्या पट्टीवरच मारलास?”

“हो. पेस्ट होतीच वर. म्हटलं, डबल काम होईल.”

“अगं, पेस्टचे दाणे जाड. स्प्रे जेवढं गुळगुळीत करतो, तेवढं ते पुन्हा ओरखडतात. स्प्रेला वेगळी, कोरी पट्टी हवी. हे बघ.”

भिंगाखाली धारेवर करवतीसारखे बारीक दाते दिसले. कृतिकाला एकदम हुरूप आला. म्हणजे चूक तिच्या हाताची नव्हती.

“पण कोरं चामडं आता कुठून आणू?”

सोफ्यावर चहा पीत बसलेले गणूशेठ, तिचे वडील, हे सगळं ऐकत होते. त्यांनी कप खाली ठेवला, उठून कमरेचा पट्टा सोडला. “ये घे. खरा चामराचा हाय.”

“पप्पा, हा हितेशदादाच्या लग्नातला आहे.”

“लगीन झाला ना त्याचा? काप.”

पट्ट्याची खरबरीत बाजू वर ठेवून त्यांनी तो दुसऱ्या फळीवर बसवला. कृतिकाने दगडावर घासून धारेचे दाते घालवले. ताईंनी कोरणी आणि हात साबणाने धुवायला लावले. काळ्या पेस्टचा एक कणही इकडे यायला नको. मग कोऱ्या चामड्यावर फक्त दोन फवारे, आणि ते वाळेपर्यंत थांबायचं. कृतिकाच्याने थांबवेना.

“आता धार मागे ठेवून ओढ. पुढे ढकललीस तर चामडं चिरेल. आणि दाबू नकोस. दाबलं की चामडं खचतं, धार गोल होते.”

वीस वेळा एका बाजूने, वीस वेळा दुसऱ्या. ताईंनी टाकाऊ तुकडा पुढे केला. कृतिकाने शिरेला आडवी कोरणी घातली. आवाजच आला नाही. लाकडाची पातळ साल गोल वळत वर आली आणि खालचा काप काचेसारखा चमकला. “पुन्हा करून बघते,” म्हणत तिने उगाचच आणखी सात-आठ काप काढले.

“ठसा कर आता,” ताई हसून म्हणाल्या.

उजवा गाल दीड तासात उतरला. मध्येच धार मंदावल्यासारखी वाटली की पट्टीवर दहा हात, की परत लोण्यातून गेल्यासारखी. साडेतीनला गणूशेठ दुसरा पट्टा लावून गाडीत बसले होते.

रात्री जेवणाआधी तिने छापखान्यातून आणलेला पहिला छाप आजीसमोर धरला. आवडाबाई कागदावर वाकल्या. उजव्या गालावरून त्यांनी बोट फिरवलं, मग स्वतःच्या गालावरून.

“ही डोकरी माज्यासारखीच हाय,” त्या म्हणाल्या. “एक मना दे. आन् एक विठ्ठलवाडीला माज्या भैनीला, लक्ष्मीला.”