एक नाव कमी करा

निकेतभाईंचा मेसेज आला तेव्हा रसिका सामंतच्या हातात कुणाच्या तरी खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा होता. मेडिक्लेमच्या प्रीमियमचा आकडा वाचून तिने साचा टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. आकडा तोच होता, गेल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट.

भाईंदर पश्चिमेला, मार्केटच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर तिची डेंटल लॅब होती. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि तिची माणसं त्यावरून कॅप, ब्रिज, कवळ्या बनवून द्यायची. तिला धरून आठ माणसं. एवढ्याशा धंद्यात सगळ्यांचा ग्रुप मेडिक्लेम काढणारी तूच एक, असं बाकीचे लॅबवाले तिला हसायचे. त्या हसण्याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता. करोनात तिच्याकडचा एक टेक्निशियन वडिलांच्या आयसीयूपायी राहती खोली विकून विरारच्याही पलीकडे राहायला गेला होता. ते बघितल्यावर तिने ही पॉलिसी घेतली होती.

तिने फोन लावला.

"निकेतभाई, दुसऱ्या कुणाचा आकडा मला नाही ना पाठवलात?"

"नाही मॅडम, तुमचाच आहे." निकेत हा विमा एजंट, ऑफिस मीरा रोडला. त्याचा आवाज कायम नुकतंच जेवण झाल्यासारखा तृप्त असायचा. "हॉस्पिटलं महाग झालीत ना. सगळीकडे वाढलंय."

"आणि जीएसटी? तो तर काढला ना सरकारने?"

"ते पर्सनल पॉलिसीला, मॅडम. ग्रुपला अठरा टक्के आहेच."

"म्हणजे मी माझ्यापुरती घेतली तर माफ, आणि आठ घरांची घेतली तर भरा?"

"रूल आहे मॅडम."

रसिकाने डोळे मिटून घेतले. "बरं. पण दुप्पट कशाला?"

"क्लेम रेशो," निकेत म्हणाला. "तुम्ही भरलं त्याच्यापेक्षा कंपनीचं जास्त गेलं. ते सुगंधाबेनच्या मिस्टरांचं नाही का."

सुगंधा भोईर लॅबमधली सगळ्यात जुनी बाई. जवळच्या मुर्धा गावातून यायची, प्लास्टरचे साचे ओतायची. तिच्या नवऱ्याची, पंढरीनाथची, गेल्या पावसाळ्यात बायपास झाली होती. टाके पिकले म्हणून महिनाभरात पुन्हा ॲडमिट, आणि नंतर छातीत पाणी झालं म्हणून आणखी एकदा. प्रत्येक वेळी पॉलिसी धावून आली होती. पॉलिसी असते कशासाठी, असं तेव्हा रसिकाच सगळ्यांना सांगत फिरली होती.

पुढचे काही दिवस तिने लॅबचं काम सोडून फोनच केले. एका कंपनीच्या नंबरवर मराठीसाठी तीन दाबा म्हणाले. तीन दाबल्यावर जी मुलगी आली ती म्हणाली, "मॅम, हिंदी में बोलेंगे तो चलेगा?" आधी सगळेच गोड बोलायचे. मग शीट मागायचे: नावं, वयं, मागचे क्लेम. शीट गेली की आवाज बदलायचा. एकाने 'बायपास' हा शब्द वाचल्यावर परत फोनच उचलला नाही. दुसऱ्याने निकेतपेक्षाही मोठा आकडा दिला आणि वर विचारलं, "कन्फर्म करू का?"

शेवटी निकेतनेच आवाज खाली आणून तोडगा सुचवला. "एक काम करा मॅडम. एक नाव कमी करा. सुगंधाबेनला कागदावर काढून टाका. पगार कॅशमध्ये द्या. त्यांनाही काही फरक नाही, लॅबमध्ये येतच राहतील."

"आणि तिच्या नवऱ्याला पुन्हा काही झालं तर?"

"ते मग..."

"त्या वयाच्या, बायपास झालेल्या माणसाला दुसरं कोण पॉलिसी देणार आहे?"

"देतील, पण आधीच्या आजाराला तीन वर्षं थांबवतील."

रसिकाने पेन उचललं. मग तिने विचारलं, "काढलं तर किती होईल?"

विचारल्या विचारल्या तिला स्वतःचीच चीड आली. तरी निकेतने सांगितलेला आकडा तिने नीट ऐकून घेतला.

घरी जितेंद्रला, नवऱ्याला, ती हे बोलली. तो घरूनच बिल्डरांसाठी नकाशे काढून द्यायचा. त्याच्यामागे कुठली कंपनी नव्हती, म्हणजे त्याचाही आधार हीच पॉलिसी होती. कॉम्प्युटरवरून मान न वळवता तो म्हणाला, "मग काढ ना. सोपं आहे. तू काय धर्मशाळा उघडलीयेस?"

दुसऱ्या दिवशी डबे उघडायच्या वेळी धनेश तिच्या केबिनमध्ये आला. धनेश तिचा सगळ्यात चांगला कारागीर. दातावर सिरॅमिक चढवून त्याला खऱ्यासारखा रंग आणायचा तर त्यानेच. दोन डॉक्टर फक्त त्याच्या हातासाठी या लॅबला काम पाठवायचे.

"मॅडम, पॉलिसी महाग झाली म्हणतात."

"हो."

"मग बंद करा ना. ते पैसे आम्हाला पगारात द्या. ज्याला पाहिजे तो आपला आपला बघेल."

"तुला काही झालं नाही म्हणून बोलतोयस."

"झालं नाही हीच माझी चूक काय?" धनेश शांतपणे म्हणाला. "इतकी वर्षं मी एक रुपया क्लेम नाही केला. पगारवाढीचा विषय काढला की तुम्ही म्हणता, यंदा प्रीमियम वाढला. मग मला काय मिळालं त्यातून? वसईची लॅब आत्ता जास्त देतेय."

"म्हणजे सुगंधाताईंच्या नवऱ्याला मरू द्यायचं?" रसिकाचा आवाज इतका चढला की बाहेरच्या ग्राइंडरचा आवाज थांबला.

धनेशचा चेहरा उतरला. "मी असं म्हटलं का, मॅडम?"

तो निघून गेला. त्याने तसं म्हटलं नव्हतं, हे तिला कळत होतं. शिवाय त्याच्या बोलण्यात काही चूकही सापडत नव्हती, त्यामुळे ती जास्तच चिडली.

अर्थात बाहेर सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. चारच्या चहाला सुगंधा आली. प्लास्टरने पांढरे झालेले हात तिने धुतलेही नव्हते.

"मॅडम, माझा नाव काढताय का?"

"अजून काही ठरलेलं नाही, सुगंधाताई."

"म्हंजे मनात हाय." सुगंधा खुर्ची ओढून बसली. एरवी ती केबिनमध्ये कधी बसत नसे. "मी सरळ सांगते. मी आपल्या मनानं निंगणार न्हाय. तुमाला वाटत असंल, बाई भली हाय, बोलंल राहू द्या मॅडम, तुमाला तरास नको. तर मी तसा बोलणार न्हाय. मना पॉलिसी पायजे. त्यांची औषधा चालू हायत, पुन्हा कदी काय व्हईल सांगता येत न्हाय. तुमी काढलाव तर मी भांडंन."

"कोणाशी?"

"तुमच्याशीच. आनि कोनाशी?"

रसिकाला हसू आलं आणि रडूही. आठवडाभर जो तो तिच्याशी आडून आडून बोलत होता. तोंडावर सरळ बोलणारं हे पहिलंच माणूस होतं.

ती गेल्यावर रसिकाने निकेतला पुन्हा फोन केला. "मला सगळं फोडून सांगा. कोणामुळे किती वाढलंय ते. एकेक नाव."

"मॅडम, राहू द्या ना."

"सांगा."

"वाईट वाटून घेऊ नका हां," निकेत म्हणाला. त्याच्या आवाजातली तृप्ती पहिल्यांदाच कमी झाली. "मिस्टर भोईरचा क्लेम मोठा आहे, बरोबर. पण दर वर्षी जे भरता ना, त्यात सगळ्यात महाग तुमच्या सासूबाई. वय शहात्तर. दोन मोतीबिंदू आणि गुडघा झाला. आईवडिलांचं कलम तुम्हीच जास्तीचे पैसे भरून घेतलं होतं. बाकी कोणीच आईवडील टाकले नाहीत, फक्त तुम्ही."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"मालकाला कसं सांगणार, सासूला काढा म्हणून?"

संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर विषय काढला. जितेंद्रचा घास हातातच राहिला.

"आईला काढायचं? वेड लागलंय का तुला?"

"काल सुगंधाला काढताना तर सोपं होतं."

"अगं ती... तिचं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? तिच्या नवऱ्याला हृदय आहे आणि तुझ्या आईला गुडघा, एवढंच."

"रसिका, बोलताना जरा विचार कर."

"विचारच करतेय! आठवडाभर दुसरं काय करतेय मी? दात बनवायचे सोडून मी माणसं मोजत बसलेय, कोण स्वस्त आणि कोण महाग!"

लक्ष्मीबाई, तिच्या सासूबाई, इतका वेळ भाकरीचा पापुद्रा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारणार आहे का?"

दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"काढा माझं नाव. पण तारीख संपायच्या आत माझा दुसरा गुडघा करून घ्या."

"आई," रसिका कपाळाला हात लावून म्हणाली, "तो क्लेम गेला तर आणखी वाढेल हो पॉलिसी!"

"मग चालूच ठेवा बाई. मला काय," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि त्यांनी आमटी मागितली.

शेवटी रसिकाने आईवडिलांचं कलम काढून टाकलं. सत्तरीच्या पुढच्यांसाठी सरकारचं कार्ड निघतं, ते लक्ष्मीबाईंचं काढायचं ठरलं. त्यासाठी जितेंद्रचे दोन दिवस सेंटरवर गेले. पहिल्या दिवशी सर्व्हर बंद होता. दुसऱ्या दिवशी मशीनला लक्ष्मीबाईंच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी घासून रेषाच गेल्या होत्या. शेवटी डोळ्यांच्या स्कॅनवर काम भागलं, कार्ड आलं. मग ते कुठल्या हॉस्पिटलात चालतं हे शोधायला तो तिसरा दिवस फिरला, आणि घरी येऊन रसिकाशी धड बोलला नाही.

कलम काढूनही प्रीमियम गेल्या वर्षीपेक्षा बराच जास्त होता. तो भरून काढायला तिने प्रत्येक कॅपमागे दर थोडा वाढवला. एका डॉक्टरांनी काही न बोलता काम पाठवणं बंद केलं. पगारवाढ पुन्हा पुढे गेली. सुगंधाचं नाव राहिलं. रसिकाने तिला ते सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरा झाला," आणि साचा ओतायला गेली.

धनेश महिनाअखेरीला वसईच्या लॅबमध्ये गेला. जाताना पेढे घेऊन आला. रसिका पेढा घेणार नव्हती, पण घेतला.

"राग आहे का, मॅडम?"

"आहे," ती म्हणाली. "पण तुझ्यावर किती आणि कुणावर किती, ते मलाच कळत नाही."

त्यानंतर सिरॅमिकच्या टेबलावर रसिका स्वतः बसली. ब्रश धरायची सवय सुटली होती. दोन ब्रिज परत आले, एक रंगामुळे, एक बसत नाही म्हणून. माणूस शोधल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि आता तिला धरून सातच माणसं उरली होती. सातच्या खाली गेलं की ग्रुप राहत नाही, हे निकेतने दोनदा बजावलं होतं.

बोरिवलीच्या एका बंद झालेल्या लॅबमधला रामनाथ नावाचा माणूस भेटायला आला. पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेलं, जिना चढून दम लागलेला. तो पाणी पीत होता आणि रसिका त्याच्याकडे बघत होती. तिच्या लक्षात आलं की त्याचं काम बघायच्या आधी आपण त्याचं वय, त्याचं पोट आणि त्याचा दम मोजतोय.

"शुगर आहे का तुम्हाला?" तिने विचारलं.

रामनाथ ग्लास ठेवून म्हणाला, "आहे. का हो मॅडम? दात बनवायला शुगर आडवी येत नाही."

रसिका उठली. तिने त्याला टेबल दाखवलं. त्याने चष्मा चढवला, ब्रश ओला केला आणि अर्धवट पडलेल्या समोरच्या दातावर एकेक थर चढवायला सुरुवात केली. हात स्थिर होता. भट्टीतून निघालेला दात तिने खिडकीशी नेऊन पाहिला. त्या उजेडात तो कुणाच्याही तोंडात खपला असता.

"सोमवारपासून या," ती म्हणाली.

मग तिने केबिनचं दार लावलं आणि फोन उचलला.

"निकेतभाई, एक नाव वाढवायचंय."

"अरे वा मॅडम! वय?"

"बावन्न."

"ओके. काही आजार-बिजार?"

"शुगर."

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला. मग निकेत म्हणाला, "मॅडम, पुढच्या वर्षी मग..."

"पुढच्या वर्षी मी तुमच्याशी भांडेन," रसिका म्हणाली. "आत्ता नाव लिहून घ्या."