पूर्वेच्या भिंतीची सावली

हेझलने भिंतीवरची काच पुन्हा एकदा पाहिली. शाबूत होती. बोटभर रुंदीची पट्टी, भिंतीतल्या भेगेच्या दोन्ही काठांना प्लास्टरच्या गोळ्यांनी चिकटवलेली. भिंत सरकली तर काच तडकणार, एवढा साधा हिशोब. सासऱ्यांनीच ती लावली होती. पण जिन्यावरून उतरता उतरता हेझल परत फिरायची, आणि परत पाहायची.

त्या उन्हाळ्यात इंग्लंडातल्या सफकची चिकणमाती पार आटून गेली होती. अंगणात बाबागाडीचं चाक अडकेल एवढाल्या भेगा पडल्या होत्या. माती आक्रसली तशी घराची पूर्वेकडची भिंतही कुरकुरायला लागली. त्रिकोणी माथ्याची, लाल विटांची ती उंच भिंत. गडद विटांत बांधणीचं साल कोरल्यासारखं बसवलेलं. टेसाचा पाळणा हेझलने केव्हाच पलीकडच्या खोलीत नेला होता. तरी पोर घरात असली की हिच्या जिवाला चैन नसायची. जेवण झालं की ती तिला बाबागाडीत घालून बाहेर सावलीत झोपवायची, तेव्हा कुठे तिचा श्वास मोकळा व्हायचा.

"नेव्हिल, घरमालकाच्या माणसाला बोलाव," त्या दुपारी ती नवऱ्याला म्हणाली.

"काच फुटली?" पावाचा तुकडा तोंडात कोंबत नेव्हिलने विचारलं. बाहेर कापणी खोळंबली होती.

"नाही."

"मग काय सांगू त्याला? माझ्या बायकोला झोप लागत नाही म्हणून? पलीकडच्या शेतावरचं घर त्याने असंच पाडलं. आता बसलेत ते लोक त्या सपाट छपराच्या खोक्यात."

"खोकं कसलं, बिस्किटांचा डबा," तिचे म्हातारे सासरे हॉरेस मध्येच बोलले. "पोरी, तुला डब्यात राहायचंय का?"

"बाबा, मला नुसतं झोपायचंय."

दोघंही हसले. नेव्हिल टोपी उचलून शेतावर गेला. हेझलने टेसाला नेहमीच्या जागी झोपवलं, ताटल्या विसळल्या, आणि हात पुसायच्या आत पावलं पुन्हा वर वळली.

कापणीचा धुरळा सगळ्या घरात बसला होता. खिडकीच्या कठड्यावर, आरशावर, साबणाच्या वडीवरसुद्धा. हेझलने काचेवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ! तिने प्लास्टरच्या गोळ्यात नख रुतवलं. नख आत गेलं. प्लास्टर ओलं होतं.

हॉरेस मागच्या पायरीवर शेंगा सोलत बसले होते.

"बाबा, ही कितवी काच?"

म्हाताऱ्याचा हात थांबला. एक शेंग निसटून खाली पडली.

"तिसरी," ते म्हणाले.

"तुम्ही आम्हाला फसवलंत?"

"त्या मालकाच्या माणसाला फसवलं. तुला नाही." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. "चल वर. एकदा डोळ्यांनी बघ, म्हणजे तुझी ही येरझार तरी थांबेल."

माळ्यावर कौलांखाली तापून निघालेली हवा कोंडली होती. शेवटाला ओकच्या जाड खांबांचा आडवा-उभा सांगाडा, आणि त्याच्याबाहेर विटांची भिंत. लाकडाला टेकून बसल्यासारखी दिसणारी, पण टेकलेली नसलेली.

"विटा नंतरच्या," हॉरेस लाकडावर थाप मारत म्हणाले. "आधी नुसतं लाकडाचं घर होतं. मग कुणाला तरी ऐट सुचली. मागचं तळं आहे ना, तिथलीच माती काढून विटा भाजल्या नि म्हाताऱ्या घराला नवा अंगरखा घातला. आता हा अंगरखा सुटतोय, बस्स. हाडं कुठे हललीत?" त्यांनी लाकूड आणि विटा यांच्या फटीत मूठ घातली. सबंध मूठ आत गेली. "उन्हाळा लागताना चेरी पिकत होत्या तेव्हा नुसती बोटं जायची. जाऊ दे. ही पडली तरी आत पडायची नाही, बाहेरच कोसळेल. तुझ्या लेकीच्या अंगावर खडासुद्धा येणार नाही, माझा शब्द आहे."

हेझलला खरंच हायसं वाटलं. घटकाभरच. फटीतून खालून उजेड येत होता. एका निखळलेल्या विटेच्या जागेतून तिला अंगणाचा तुकडा दिसला. दुपारची लांब सावली. सावलीत बाबागाडीचं निळं छत.

"बाबा," ती म्हणाली, "बाहेर म्हणजे कुठे?"

उत्तराला ती थांबलीच नाही. शिडी, जिना, स्वयंपाकघर. एक सपात पायरीवरच राहिली. गाडीचा ब्रेक निघेना, तेव्हा तिने ती तशीच फरफटत ओढली, भेगांवरून, कोंबड्या उधळत, थेट धान्याच्या कोठारापर्यंत. टेसा जागी झाली होती आणि पांघरुणाचं टोक चघळत होती. गाडीच्या छतावर लाल भुकटी पडली होती. रोज संध्याकाळी हेझल ती झटकायची. कापणीचा धुरळा समजून!

भिंत उभीच होती. उन्हात नुसती शांत उभी.

हॉरेस आले तेव्हा त्यांच्या ओठांना रंग नव्हता. "मी इथून दिवसातून चार वेळा जातो," ते म्हणाले. "रोज बघतो तिला इथे झोपलेली. माझं सगळं लक्ष आत..." खिशातून तंबाखूची डबी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. आत दोन फुटक्या काचा होत्या.

"दाखव त्या माणसाला. मालक पाडू दे घर, नाहीतर बांधू दे."

"दाखवते. फोन मीच करते," हेझल म्हणाली.

पण दांड्यावरचा हात काही सुटेना. पायाने ब्रेक सोडून ती गाडी ढकलतच राहिली, कोठारापासून फाटकापर्यंत, फाटकापासून परत. त्या वाटेवर सावली कुठेच नव्हती. हॉरेस तिच्या बाजूने पाय ओढत चालत राहिले, आपली टोपी टेसाच्या तोंडावर धरून.