लाल ठिपक्याच्या मेंढ्या

सोप्या वाटांनी चालणारी माणसं हेस्टर नॉसवर्दीला मनापासून नकोशी होती. पावसात भिजणारी, दलदलीत गुडघ्यापर्यंत रुतणारी, नदीच्या घळीत वाट चुकून रडणारीसुद्धा तिला चालत. पण दोन्ही हातांत दोन काठ्या, गळ्यात शिट्टी, पाठीवर पाण्याची नळी आणि पायाखाली सरळ सपाट पायवाट, असलं ध्यान दिसलं की तिचं नाक आपोआप मुरडायचं.

आणि आज तिला अशाच अकरा जणांच्या मागून चालावं लागत होतं. मागून! डार्टमूरच्या या माळावर गावाची शनिवारची पायी सहल तीस वर्षं तिनेच नेली होती. हिवाळ्याच्या शेवटी खुब्याचं हाड बदलावं लागलं आणि तेवढ्यात लायनेल प्रिचर्ड पुढे सरसावला. हा बर्मिंगहॅमहून निवृत्त होऊन आलेला शाळा-तपासनीस. गावात येऊन चार वर्षं झाली नाहीत तोच त्याने ‘सोप्या वाटा’ नावाची घडीची पत्रिका छापून घेतली. प्रत्येक वाटेपुढे बुटांची चित्रं. तीन बूट म्हणजे अवघड, दोन म्हणजे मध्यम, एक बूट म्हणजे आजीबाईंनासुद्धा जमेल अशी.

‘‘दगडखाणीपासून ब्रॅकली टॉरच्या दक्षिण उतारापर्यंत, एक बूट,’’ सकाळी चहाच्या दुकानासमोर हेस्टरने पत्रिका मोठ्याने वाचून दाखवली होती. ‘‘माझे आजेसासरे या वाटेने मेंढ्यांकडे जायचे हो. बर्फात जायचे. त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं, एका बुटाचं काम आहे म्हणून.’’

सगळे हसले. प्रिचर्डही हसला. त्याचा हा एक मोठा दुर्गुण होता, त्याला टोमणा लागतच नसे.

आजची सहल संपली की पुढच्या वर्षी सहल कोणी न्यायची ते ठरणार होतं. तसं गावाने तिच्या तोंडावर सांगितलं नव्हतं. तिच्या तोंडावर कुणी काहीच सांगत नसे. पण तिला कळलं होतं. शेत मुलाच्या, डेन्झिलच्या हाती दिलं, घर सोडून गावातल्या दोन खोल्यांत राहायला आली, आता उरली होती ती ही शनिवारची सहल. तीही त्या शाळामास्तराने नेली तर आठवड्याचे सातही दिवस खिडकीत बसून डोंगरावरचे लाल ठिपके मोजायचे. लाल ठिपके म्हणजे तिच्या मेंढ्या. नॉसवर्दींच्या मेंढ्यांच्या डाव्या पुठ्ठ्यावर लाल रंगाचा ठिपका असतो, डेन्झिलच्या पणजोबांपासून.

ब्रॅकली टॉर या खडकाळ डोंगराच्या माथ्यावर, त्या एकावर एक रचल्यासारख्या प्रचंड दगडांच्या आडोशाला, मंडळींनी डबे उघडले. कुणी ओटचे गोड वडे काढले, कुणी थर्मासमधला चहा. एका बाईने कुत्र्याला रेनकोट घातला. हेस्टरने मटण-बटाट्याची पेस्टी उभ्याउभ्या खाल्ली आणि रेनकोटातल्या कुत्र्याकडे असं पाहिलं की ते मालकिणीच्या मागे जाऊन बसलं.

‘‘हेस्टर, खुबा कसा आहे गं?’’ थिर्झा हॅनफर्डने विचारलं. थिर्झा तिची शाळेपासूनची मैत्रीण. साठ वर्षं हेस्टरचं बोलणं ऐकून घेण्याचं काम तिने इमानाने केलं होतं.

‘‘माझा खुबा लोखंडाचा आहे. तू तुझे पाय सांभाळ. हे असले बूट घालून बाजारात जातात, माळावर नाही.’’

डबे आवरून मंडळी उतरू लागली तेवढ्यात धुकं आलं. डार्टमूरवर ते येतं तसंच, काही न सांगता. समोरची दरी गेली, मग झुडपं गेली, मग रांगेतला शेवटचा माणूस गेला. प्रिचर्डने सगळ्यांना जवळ बोलावलं, डोकी मोजली आणि खिशातून फोन काढला.

‘‘घाबरायचं कारण नाही. आपण उतारावर थोडे उत्तरेला सरकलो आहोत. इथून उजवीकडे गेलं की खाणीची वाट लागेल.’’

‘‘उत्तरेला?’’ हेस्टर म्हणाली. ‘‘कोण सांगतं?’’

‘‘फोन सांगतो, मिसेस नॉसवर्दी.’’

‘‘अस्सं. फोनचा जन्म कुठला? याच गावचा का?’’

प्रिचर्ड काही बोलणार तोच धुक्यातून खाकरल्यासारखा आवाज आला. दहा पावलांवर काळ्या तोंडाच्या शिंगवाल्या मेंढ्या चरत होत्या आणि त्यांच्या डाव्या पुठ्ठ्यांवर लाल ठिपके होते. हेस्टरचा ऊर भरून आला. ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच ती त्यांना इतक्या जवळून पाहत होती.

‘‘बघा!’’ ती म्हणाली. ‘‘या आमच्या. आमच्या मेंढ्या टॉरच्या दक्षिण उताराबाहेर पाऊल टाकत नाहीत. कुंपण नाही, राखण्या नाही. आई कोकराला शिकवते, ते कोकरू आई झालं की आपल्या कोकराला शिकवतं, शंभर वर्षं हे चाललंय. म्हणजे आपण दक्षिण उतारावर आहोत. इथून डावीकडे खाली गेलं की कोल नदीची घळ, घळीतून पूल, पुलापलीकडे गाव. ठेवा तो डबा खिशात.’’

तिने जिभेने टाळूवर टकटक करून ‘हो… हो… हो…’ अशी जुनी साद घातली. या सादेला तिच्या मेंढ्या धावत येत. या मेंढ्यांनी माना वर केल्या, तिच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि उधळल्या.

‘‘तुमच्या त्या पिवळ्याधमक कोटांना भ्यायल्या,’’ हेस्टर म्हणाली.

‘‘पण हेस्टर,’’ थिर्झा हळूच म्हणाली, ‘‘मला वाटतं की त्या…’’

‘‘तुला वाटतं? तुला कधीपासून वाटायला लागलं?’’

थिर्झाने टोपी कानांवर ओढली. मागे गावातली आणखी दोघं होती, बाकीचे सुट्टीवर आलेले पाहुणे; त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बुटांच्या नाड्या घट्ट करायला वाकली. प्रिचर्डने फोनकडे पाहिलं, हेस्टरकडे पाहिलं. सभ्य माणूस होता, म्हणजे ऐन वेळी काही कामाचा नव्हता. त्याने फोन खिशात टाकला.

ती डावीकडे उतरू लागली, सगळ्यांच्या पुढे. खुबा ठणकत होता, पण तिला आता त्याची पर्वा नव्हती. मागून ठेचकाळल्याचे, घसरल्याचे, ‘अगंबाई’चे आवाज येत होते आणि ते तिला फार गोड लागत होते. बुटांची चित्रं काढा म्हणावं आता! नेचे कमरेपर्यंत आले. मग सुटे दगड सुरू झाले, शेवाळलेले. कोलच्या वाटेवर इतके दगड असल्याचं तिला आठवत नव्हतं. पण हिवाळ्यात दरड आली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

‘‘हेस्टर, थांब जरा,’’ थिर्झा मागून म्हणाली. ‘‘ऐक माझं. त्या मेंढ्या…’’

‘‘खाली पोचल्यावर बोल. तिथे बाकडं आहे, बसून बोल.’’

खाली बाकडं नव्हतं. खाली नदी होती, फेसाळलेली, दोन्ही बाजूंनी उभे कडे. हेस्टर काठावर उभी राहून पाण्याकडे पाहत राहिली. कोलचं पाणी डोंगराकडच्या काठावरून पाहिलं तर उजवीकडून डावीकडे जातं. हे पाणी डावीकडून उजवीकडे चाललं होतं. पाणी उलटं वाहत नाही, हे तिलाही मान्य करावं लागलं. ती डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, हेल नदीच्या घळीत उभी होती.

मागे कुणीतरी किंचाळलं. ओल्या दगडावरून थिर्झाचा पाय सटकला होता. ती बसली होती तशीच, घोटा धरून, चेहरा पांढराफटक.

‘‘तरी म्हटलं होतं तुझे बूट…’’ हेस्टरने सुरुवात केली.

‘‘गप्प बस!’’ थिर्झा ओरडली. साठ वर्षांत पहिल्यांदा ओरडली, आणि मग तिला थांबता येईना. ‘‘तुझ्या नाहीत त्या मेंढ्या! कळलं? तुझ्या गेल्या. गेल्या शरदात डेन्झिलने सगळा कळप विकला. मेंढ्याच नकोत म्हणाला. तुला सांगितलं, या थंडीत कळप खालच्या कुरणात ठेवलाय. मग हिवाळाभर रिकाम्या डोंगराकडे बघवेना त्याला, म्हणून वसंतात उत्तरेकडून परक्या आणल्या आणि तोच ठिपका लावला. तू खिडकीतून बघतेस म्हणून लावला! त्यांना कुठला उतार नि कुठलं काय, जातात वाट फुटेल तिकडे. सगळ्या गावाला माहीत आहे.’’

हेस्टरने त्या दोन गाववाल्यांकडे पाहिलं. ती दोघं पुन्हा नाड्यांशी खेळू लागली.

‘‘मला कुणी सांगितलं का नाही?’’

‘‘दोनदा सांगायला गेले आत्ता. बोलू दिलंस?’’

प्रिचर्डने पाठपिशवीतून पट्टी काढून थिर्झाचा घोटा बांधला. चांगला बांधला. मग एका उंच दगडावर चढून डेन्झिलला फोन लावला. एवढं सगळं झाल्यावर तरी त्याने एखादा शब्द टाकावा, एखादं कुत्सित हसू, अशी हेस्टर वाट पाहत होती. ती त्याच्या जागी असती तर तिने काय काय म्हटलं असतं ते तिला शब्दन् शब्द ठाऊक होतं. त्याने तिला चहा दिला. असली माणसं अगदीच असह्य असतात.

तासाभराने खालच्या जंगलवाटेने डेन्झिलची लँडरोव्हर आली. बाकीचे वाटेने चालत निघाले. थिर्झा, हेस्टर आणि प्रिचर्ड गाडीत बसले. डेन्झिल पंचेचाळीसचा, दांडगा, पण आईसमोर खांदे पाडूनच उभा राही.

‘‘आई, तू हेलच्या घळीत कशी?’’

‘‘तुझ्या मेंढ्यांनी आणलं.’’

गाडी घरघरत जंगलवाटेने वर चढू लागली. मग डेन्झिल रस्त्याकडे बघतच म्हणाला, ‘‘सांगणार होतो.’’

‘‘कधी? माझ्या दफनाच्या वेळी?’’

‘‘सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?’’

तिने तोंड उघडलं. शब्द तयार होते. नादान, पळपुटा, पणजोबांच्या नावाला काळं फासणारा. सगळे रांगेने उभे होते आणि त्यातला एकही त्याने आधी ऐकला नव्हता असं नव्हतं. लहानपणापासून तो तेच ऐकत आला होता. तिने तोंड मिटलं. तिला लाज वाटली, आणि लाज ही तिला इतकी अनोळखी होती की आधी तिला वाटलं, खुबाच ठणकतो आहे.

खाणीच्या वळणावर डेन्झिलने करकचून ब्रेक लावला. रस्त्याच्या मधोमध लाल ठिपक्यांच्या मेंढ्या उभ्या होत्या. भिजलेल्या, बावचळलेल्या, आपला डोंगर कुठला हे न कळून गाडीच्या दिव्यांकडे टक लावून बघणाऱ्या. धुकं विरळ झालं होतं. आता हेस्टरला त्यांची तोंडं दिसली. एकही ओळखीची नव्हती.

‘‘काय मूर्ख जनावरं आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘यांना रोज कोण वळवतं?’’

‘‘मीच. जमेल तेव्हा.’’

‘‘जमेल तेव्हा! अरे, पणजोबा चार वर्षं उन्हापावसात त्या उतारावर उभे होते, पहाटे नि संध्याकाळी. बाहेर पाऊल टाकलं की वळवायचं, टाकलं की वळवायचं. तेव्हा कुठे पहिला कळप शिकला. कुणीतरी उभंच राहावं लागतं.’’

‘‘मला शेताचंही बघायचं असतं, आई. दुसरं आहे कोण?’’

हेस्टर काचेतून बघत राहिली. एक मेंढी रस्त्यातच चरायला काही शोधत होती. डांबरावर!

‘‘प्रिचर्ड,’’ ती मागे न वळता म्हणाली, ‘‘शनिवारची सहल तुम्हीच न्या. मला वेळ नाही.’’

‘‘मिसेस नॉसवर्दी, आजचं काही मनात…’’

‘‘मला वेळ नाही म्हटलं ना. रोज पहाटे, संध्याकाळी काम आहे.’’ तिने काचेवरची वाफ बाहीने पुसली. ‘‘ही इथून वरच्या उतारापर्यंतची वाट. तुमच्या त्या पत्रिकेत किती बूट?’’

‘‘एक,’’ प्रिचर्ड म्हणाला. ‘‘सोपी आहे.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की. मी स्वतः तीनदा चालून पाहिली आहे.’’

हेस्टरने गाडीचं दार उघडलं. मागच्या सीटवरच्या प्रिचर्डच्या दोन काठ्यांकडे तिने बराच वेळ पाहिलं, आणि मग हात पुढे केला.

‘‘एक द्या,’’ ती म्हणाली.