सेल गेले असतील

नागापूरच्या त्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार, हे पाणी सोडणाऱ्यालासुद्धा ठाऊक नसावं. म्हणून कारखान्यात वायरिंगचं काम करणाऱ्या प्रवीणनं आईसाठी एक यंत्र केलं होतं. साबणाच्या डबीत तीन सेल आणि एक भोंगा, आणि तिथून दोन तारा नळाखालच्या बादलीत सोडलेल्या. बादलीत पाणी पडलं की भोंगा कोकलायचा. मग राहीबाई दारात येऊन हाक द्यायची, "पाणी आलं गं बायांनो!" की सगळी गल्ली हंडे घेऊन नळांवर धावायची. सून आल्यापासून चूल, बाजार, किल्ल्या सगळं राहीबाईनं आपखुशीनं सोडलं होतं. ही हाक मात्र तिची होती आणि तिचा तिला भारी तोरा होता.

त्या दिवशी ती डबीखालीच बसून ज्वारी निवडत होती. आतून सून, वृषाली, पिठाच्या हातांनी पळत आली. "आत्या, पाणी!"

बादली भरून वाहत होती. गल्लीला उशिरा कळलं, आणि शेवटच्या घरच्या भारतीला अर्धा हंडाही मिळाला नाही.

राहीबाई ओशाळली. "मेलं वाजलंच न्हाई. सेल गेलं असतील."

वृषालीनं डबीकडं पाहिलं, मग सासूकडं. "व्हय, गेलं असतील," ती म्हणाली.

राहीबाईनं सेल काढून पत्र्यावर उन्हात तापवले, म्हणजे त्यांच्यात पुन्हा जीव येतो. पण पुढच्या पाण्याला तीच गत. मग तिनं नबीलालच्या दुकानातून नवे कोरे सेल आणून घातले. पुन्हा वृषालीच पळत आली. आता मात्र राहीबाईचं डोकं फिरलं. सेल पदरात घेऊन ती तरातरा दुकानात गेली.

"मेलेलं सेल इकतोस व्हय रं?"

नबीलाल हसला. त्यानं ते सेल बॅटरीत घातले आणि बटण दाबलं. दुकानातला कोपरा लख्ख उजळला.

"मावशी, सेल लई दमाचं हायेत."

राहीबाईनं सेल परत पदरात बांधले. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात का बोलतात, म्हणून ती मनात रुसून बसली होती. पीठगिरणीसुद्धा हल्ली गुमान चालते असं तिला वाटायचं. सेल ठीक होते, गिरणीही ठीक होती. घरी येताना तिनं ठरवलं, कुणी हाक काढून घेण्याआधी आपणच ती सुनेला देऊन टाकावी. ठरवलं खरं, पण डोळे भरून आले.

घरी बाळ पाळण्यात झोपलं होतं आणि प्रवीण स्टुलावर चढला होता. डबीतला भोंगा त्यानं काढला होता आणि समोरच्या भिंतीवर एक छोटा लाल दिवा बसवला होता.

"आत्या, भोंग्यानं बाळ दचकून उठतंय," वृषाली जवळ येऊन म्हणाली. "म्हनून म्या ह्यांना दिवा लावायला सांगितलं. तुमी हितंच बसताय, तुमाला दिसंल."

राहीबाईच्या मनातलं मनातच राहिलं. तिनं सेल प्रवीणच्या हातात दिले.

दोन दिवसांनी ज्वारी निवडताना दिवा लागला. राहीबाई सूप टाकून दारात धावली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "पाणी आलं गं बायांनो!" दारोदार हंडे बाहेर आले. सगळ्यांत पुढं भारती होती.

राहीबाई वळून बघते तो पाळण्यात बाळ लालबुंद होऊन रडत होतं.

"आगं, ह्याला कुनी उठवलं?"

वृषालीनं बाळाला उचललं आणि सासूच्या कानाशी तोंड नेलं.

"आपलं आपन उठलंय, आत्या."