एकशे बारा थर

मंगळवारी आत्याच्या कॉम्प्युटरने मान टाकली. बुधवारी आत्या मला म्हणाली, "भिंगरी, नवा तू निवड. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"नववीतल्या पोरीवर सोपवतेस?" बाबा म्हणाले.

"मग तुझ्यावर सोपवू, दादा?"

बाबांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मी तर हवेतच!

आत्या जुने नकाशे दुरुस्त करते. कागद नव्हे, त्याची स्कॅन केलेली प्रत. वाळवीची भोकं, घड्यांच्या रेघा, कुणीतरी कधीकाळी सांडलेली शाई, सगळं ती स्क्रीनवर भरून काढते. आणि तिचा एक हट्ट आहे: एक भोक, एक थर. मूळ चित्राला हात लावायचा नाही. दुरुस्ती चुकली तर तेवढा थर उचलायचा, खाली नकाशा जसाच्या तसा.

आता एका संग्रहालयाने तिला नदीचा भिंतीएवढा नकाशा देऊ केला होता. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. नमुन्याच्या पहिल्याच तुकड्यात एकशे बारा थर झाले आणि कॉम्प्युटर गेला. आत्या नाही म्हणाली, तर काम जाणार दुसऱ्यांकडे, आणि ते थेट मूळ चित्रावरच रंगवतात. आत्याला हेच जास्त लागलं होतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी आत्याने त्या तुकड्याची फाइल घालून दिलेला पेनड्राइव्ह घेऊन दुकानात गेले. दुकानदारकाकांनी दाखवलेल्या कॉम्प्युटरच्या पोटात निळे-जांभळे दिवे पळत होते.

"यातलं ग्राफिक्स कार्ड बघ! गेम खेळणारे जीव टाकतात यावर."

"आत्या नकाशे करते, काका. गोळ्या नाही झाडत."

फाइल उघडली. चुटकीसरशी! मी नकाशा मोठा केला, फिरवला, कुठे अडकण्याचं नाव नाही.

"बघ! लोण्यात सुरी. बांधू?"

'बांधा' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या थरांच्या यादीकडे लक्ष गेलं. तिथे एकच थर होता.

मी आत्याला फोन लावला. "आत्या, बाकीचे थर कुठे गेले?"

"अगं, पेनड्राइव्हमध्ये मावेना. म्हणून दादाच्या लॅपटॉपवर कसेबसे सगळे थर एकत्र करून तुझ्यापुरती प्रत दिली. मूळ फाइल मोठ्या डिस्कवर आहे तशीच आहे."

"आत्या! जे तू जन्मात करत नाहीस, तेच नेमकं परीक्षेला केलंस?"

"चुकलंच गं."

शुक्रवारी मी ती मोठी डिस्क घेऊन पुन्हा हजर.

"आलात बाईसाहेब? आज काय, अख्खी नदी आणली?" काका म्हणाले.

"हो. भरपूर पाणी आहे, जपून."

तीच फाइल, पण एकशे बारा थरांसकट. या वेळी उघडता उघडेना. मेमरी किती टक्के भरली, तो आकडा मी स्क्रीनवर लावून ठेवला होता. तो चढत चढत शंभराला टेकला, आणि लगेच डिस्कची धावपळ सुरू झाली. भारी कार्ड मात्र निवांत बसलेलं!

"काका, मेमरी म्हणजे कामाचं टेबल. नकाशा टेबलावर मावला नाही की जमिनीवर पसरावा लागतो. मग सारखं वाकायचं, उचलायचं. टेबलच मोठं हवं."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मग?"

"हे कार्ड काढा, साधं लावा. मेमरी चौपट करा. आणि त्यातूनही सांडलंच, तर त्यासाठी एक वेगळी वेगवान डिस्क."

"दिवे?"

"दिवे आमच्या घरी आहेत, काका."

ते खो खो हसले आणि पेचकस शोधायला लागले. पुन्हा फाइल उघडली, तेव्हा आकडा निम्म्याच्या जरा वर जाऊन थांबला. मी स्वतः दहा मिनिटं भोकं बुजवून पाहिली, मगच बांधायला सांगितलं.

शनिवारी सकाळी आत्या नव्या कॉम्प्युटरसमोर बसली. एकशे तेरावा थर, मग एकशे चौदावा. तासभर ती भोकं बुजवत राहिली, कॉम्प्युटर कुठेच अडकला नाही, आणि मी नुसती बघत बसले. मला किती जड गेलं म्हणून सांगू! शेवटी तिने संग्रहालयाला फोन लावला.

"हो, करते मी. सगळे थर ठेवून. आणि पुढचे तुकडे किती मोठे आहेत, ते आधी माझ्या भाचीला कळवा. कॉम्प्युटरचं ती बघते."

मी ताठ बसले आणि वही उघडली.