पलंगपोसाखालची रबरी चादर

मी पलंगपोसाखालची रबरी चादर बोलतेय. कारखान्यातल्या एका लांबलचक गुंडाळीतून मला कापलं. माझ्या शेजारचा तुकडा एका तान्ह्या बाळाकडे गेला. तिथे ओलं झालं की सगळे हसतात म्हणे. मी आले नऊ वर्षांच्या मुलीकडे. इथे कुणी हसत नव्हतं.

पलंगपोसाकडे पाहून माझा फार जळफळाट व्हायचा. तो गॅलरीत उन्हात मिरवायचा आणि मला वाळवायचे न्हाणीघराच्या दारामागे. भिजायचो दोघंही, पण लाज माझ्याच वाट्याला.

आईने मुलीचं दुपारी चारनंतरचं पाणी बंद केलं. बाबा रोज सकाळी म्हणायचे, "घोडी झालीस, कळत नाही?" शाळेची मुक्कामाची सहल होती. मुलीने नाव दिलं नव्हतं.

शेवटी आईने तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. परत आल्यावर मला अंथरता अंथरता आईने बाबांना सगळं सांगितलं. बाईंनी आधी विचारलं, पोट साफ होतं का? शाळेच्या संडासाला कडी नाही, म्हणून मुलगी दिवसभर पाणी पीत नव्हती, सगळं दाबून धरत होती. त्याने पोटात शौच साचून लघवीच्या पिशवीवर दाब येत होता. त्यात झोप गाढ. शिवाय हे बऱ्याचदा आईवडिलांकडूनही येतं.

"सासूबाई सांगतात, तुमचंही पाचवीपर्यंत चालू होतं," आई म्हणाली. बाबा वर्तमानपत्रात शिरले.

मग शाळेच्या संडासाला कडी, दिवसा भरपूर पाणी, पोटासाठी औषध आणि ओरडणं बंद. हळूहळू मी कोरडी राहू लागले. कोरड्या दिवसापुढे मुलगी वहीत चांदणी काढायची. मला त्या वहीचाही हेवा वाटायचा.

एका सकाळी बाबांनी आपला ओला पलंगपोस काढला, मला गुपचूप उचललं आणि स्वतःच्या गादीवर अंथरलं. दारात मुलगी उभी होती.

"गादी खराब होऊ नये म्हणून," बाबा पुटपुटले.

ती आत आली. मग म्हणाली, "बाबा, डॉक्टरीणबाई रागवत नाहीत. मी येते बरोबर."

तपासणीत बाबांची साखर खूप वाढलेली निघाली. मोठ्या माणसाला अचानक असं होऊ लागलं तर लपवायचं नाही, लगेच दाखवायचं, असं बाईंनी बजावलं.

मुलगी आज सहलीला गेली. मी बाबांकडे आहे. आता मला हेवा वाटतो तो त्यांचाच. मुलीला कितीतरी सकाळी जे मिळालं नाही, ते 'मी येते बरोबर' त्यांना पहिल्याच सकाळी मिळालं. तुमच्या घरी कुणाचं अंथरूण ओलं दिसलं, तर तेवढं त्यालाही द्या.