एनॉसनं ओढा ओलांडला

कोर्टाच्या पायऱ्या चढताना डिलर्ड स्पर्लॉक बायकोच्या कानाशी लागला, "वाजव, बक्षीस घे आणि गुमान खाली उतर. तोंड उघडू नकोस."

"फिडल काय तोंडानं वाजवतात?" ऑर्लीना म्हणाली.

डिलर्डची भीती खोटी नव्हती. तो गेंट्रींच्या लाकूडगिरणीत कामाला होता आणि कोर्टाच्या सभागृहात भरलेल्या फिडलच्या स्पर्धेत नावं पुकारायला कोलमन गेंट्री स्वतः उभा होता. केंटकीच्या त्या डोंगरांत फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, वाजवणारे उदंड. पण बाईमाणूस स्पर्धेला उतरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ऑर्लीनाही आजवर घरच्या ओसरीवरच वाजवत आली होती. यंदा मात्र ती हट्टाला पेटली होती, कारण गेल्या वर्षी ज्या धुनेला पहिलं बक्षीस मिळालं, ती 'गेंट्रीची घोडदौड' म्हणून वाजवली गेली होती. कोलमनच्या आजोबांनी घोड्यावर बसल्या बसल्या रचली म्हणे!

ती धून ऑर्लीना लहानपणी एनॉस बर्डेटकडून शिकली होती. एनॉस काळा माणूस, ओढ्याकाठी लाकडाच्या खोपटात राहणारा. म्हाताऱ्या गेंट्रीनं एक दिवस त्याला बजावलं, "जमीन माझी आहे. अंधार पडायच्या आत चालता हो." एनॉस गेला, पण खोपट ठेवून गेला नाही. एकेक ओंडका सुटा केला, खांद्यावर घेतला आणि कमरेएवढ्या पाण्यातून पलीकडे नेला. पलीकडची जमीन गेंट्रीची नव्हती. भिंती उभ्या राहिल्या तसा तो आढ्यावर चढून बसला आणि म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशी एक नवीच धून त्यानं वाजवली. "पोरी, ही वाजवताना पाय आपटायचा," तो ऑर्लीनाला सांगायचा. "पाण्यात पाय घसरला, तर माणूस दुसरा पाय जोरात रोवतो ना? तसा."

कोलमननं पुकारलं, "आता मिसेस स्पर्लॉक वाजवतील, गेंट्रीची घोडदौड!"

ऑर्लीनानं गज खाली घेतला. "नाव चुकलं, कोलमन."

सभागृहात खसखस पिकली. "मग काय नाव म्हणता?" कोलमननं विचारलं.

"एनॉसनं ओढा ओलांडला. रचणारा एनॉस बर्डेट. तुझ्या आजोबांनी त्याला हाकललं, त्या दिवशी रचली. त्यांना फिडल कुठल्या बाजूनं धरतात तेवढं तरी ठाऊक होतं का?"

वरच्या सज्जात, काळ्या लोकांना बसवत तिथे, कुणीतरी "हां!" म्हणालं. कोलमनचा चेहरा लालबुंद झाला.

"बाई, ठरलेल्या नावानं वाजवा, नाहीतर उतरा."

"उतरते की. आधी वाजवते."

आणि तिनं वाजवली. पाय असा आपटला, की फळ्यांतली धूळ उडाली. कोलमन मध्येच "बाद! बाद!" ओरडला, पण ती शेवटपर्यंत वाजवूनच थांबली.

सोमवारी डिलर्डला गिरणीच्या दारातूनच परत पाठवलं. तो घरी येऊन मक्याची भाकरी नुसती कुस्करत बसला. मग म्हणाला, "शिव्या द्याव्यात म्हणून आलो होतो तुला."

"मग दे."

"जमेना. तो लाल कोलमन आठवला, की हसूच येतं." पुढे त्याला रेल्वेच्या रुळांवर काम मिळालं. गिरणीपेक्षा जड होतं, आणि त्या हिवाळ्यात त्यानं बायकोला या गोष्टीची आठवण अधूनमधून करून दिलीच.

डिलर्डची गिरणी सुटली त्याच आठवड्यात एनॉसची मुलगी झेरेल्डा ओसरीशी येऊन उभी राहिली. सज्जातली "हां" तिचीच होती.

"बाबाचं नाव घेतलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "पण वाजवतेस चुकीचं."

"कुठे?"

"दुसऱ्या भागात. तू वर जातेस. बाबा खाली यायचा, पाणी खोल असतं तिथे." तिनं गुणगुणून दाखवलं. ऑर्लीनानं वाजवलं. "नाही गं बाई, अजून खाली!" दोघी दुपारभर भांडल्या. मग झेरेल्डानं पिशवीतून विणायच्या सुया काढल्या आणि ऑर्लीना वाजवत असताना तिच्याच फिडलच्या तारांवर त्या टकटक ठोकू लागली. बापाला ती लहानपणी अशीच साथ करायची. घर दणाणलं.

पुढच्या वर्षी स्पर्धेत नवा नियम निघाला, बायकांना मनाई. ऑर्लीना आणि झेरेल्डा कोर्टाबाहेर घोड्यांच्या हौदापाशी दोन खोकी मांडून बसल्या.

"हटकलं कुणी तर?" झेरेल्डानं विचारलं.

"तर आणखी जोरात ठोक."

काही लोक सभागृहातून उठून बाहेर आले. सगळे नाही. कोलमननं आतून खिडकी लावून घेतली, तेव्हा झेरेल्डा म्हणाली, "काचेतूनही जाईल. चल, पुन्हा पहिल्यापासून."